ताटलीतली हराळी

धारूरचा त्रिंबक आधी असा नव्हता. नेकनूरच्या बाजारात आज कुणालाही विचारा, तो सांगेल की त्रिंबक डॉक्टरच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो. औषध अर्धवट सोडलेल्या माणसाला तो फाडून खातो. कुण्या बड्या असामीला आधी घ्या म्हटलं, तर सांगणाऱ्यालाच दार दाखवतो. पण धारूरची जुनी माणसं वेगळं सांगतात. शाळेत दुसऱ्याच्या खोडीबद्दल मास्तर याला छडी मारायचे, आणि हा मुकाट्यानं हात पुढे करायचा. घाटाच्या कडेला वडिलांचं कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं सगळी थानं उलगडून, चुरगाळून टाकली आणि काही न घेता निघून गेलं, तरी त्रिंबक खाली मान घालून घड्या घालत बसायचा. बाया म्हणायच्या, वच्छलाबाईचं पोर म्हणजे गरीब गाय.

या गाईला शिंगं फुटली त्याची ही गोष्ट.

त्रिंबक हैदराबादला डॉक्टर झाला. तिथं शिक्षण उर्दूतून. जंतूंना तो जरासीम म्हणायला शिकला, पुवाला पीप. रोगाची सगळी बोली त्याला तोंडपाठ झाली. ती बाजेवरच्या रोग्याच्या आईला कशी सांगायची, हे मात्र कुणी शिकवलं नाही. दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमाराला तो बीडला आला. राज्य निजामाचंच होतं. बिंदुसरा नदीच्या पल्याड एका धर्मादाय फंडाचा दवाखाना होता. त्यात तो धाकटा डॉक्टर. थोरल्यांना सगळे बडे डॉक्टर म्हणत. बडे डॉक्टर बोलायला मऊ, वाचनात पुढे. विलायतेची मासिकं त्यांच्याकडे यायची. तबेल्याजवळची रिकामी कोठी त्यांनीच त्रिंबकला दिली आणि म्हणाले, करा तुमचे प्रयोग.

त्या कोठीत त्रिंबक रमला. खाटकाकडून मटण आणून तो त्याचं पाणी उकळायचा. धारूरला ही बातमी पोचली तेव्हा वच्छलाबाईंनी अन्न सोडलं. मी ते खात नाही, जंतूंना घालतो, असं त्यानं घरी जाऊन सांगितलं. तेव्हा वडील म्हणाले, खाल्लं असतंस तर निदान कारण तरी कळलं असतं. हैदराबादच्या मिठाईवाल्याकडून तो चायना ग्रास मागवायचा. ते त्या पाण्यात विरघळवून काचेच्या झाकणाच्या ताटल्यांत ओतलं की खरवसासारखं थिजायचं. रोग्याचा पू कापसाच्या बोळ्यानं त्यावर सारवायचा. वर टीपकागदाचे टिकलीएवढे तुकडे ठेवायचे, एकेक तुकडा वेगळ्या औषधात भिजवलेला. मग ताटली लाकडी पेटीत. पेटीखाली कंदील, कोंबडीच्या पोटाखाली असावी तेवढीच ऊब. दुसऱ्या सकाळी झाकण उघडायचं. जंतू ताटलीभर वाढलेले असायचे. औषध लागू पडत असेल तर त्या कागदाभोवती मोकळं गोल राहायचं. पडत नसेल तर जंतू थेट कागदाला येऊन भिडायचे.

त्यानं काय काय ठेवून पाहिलं नाही. सल्फाच्या गोळ्या विरघळवून ठेवल्या. कार्बोलिक ठेवलं, कडुनिंबाचा रस ठेवला. पेठेतल्या हकीमजींचं काळं मलमही ठेवलं. त्याच्याभोवती काहीच मोकळं पडलं नाही. हकीमजींनी त्रिंबकशी बोलणं टाकलं. पण एक गोष्ट त्याला तिथं डोळ्यांनी दिसली. सगळ्या जंतूंचा काळ होईल असं एक औषध नाही. एकाला जे मारतं त्यात दुसरा खुशाल वाढतो. म्हणून आधी बघावं, मग द्यावं.

त्याची एक सवय होती. रोग्याच्या घरच्यांना तो ताटली दाखवायचा. बडे डॉक्टर म्हणत, दवाखान्यात हा खेळ कशाला? त्रिंबकला वाटायचं, आपल्या माणसाच्या अंगात काय चाललंय ते घरच्यांना दिसलं पाहिजे.

श्रावणात हैदराबादहून पेनिसिलीनच्या कुप्या आल्या. नवं औषध. बीडमध्ये कुणी पाहिलेलं नव्हतं. कुप्या थोड्याच होत्या, एका रोग्याला पुरतील एवढ्या. ओल्या वाळूच्या रांजणात मडकं आणि मडक्यात कुप्या, असं त्यांना बड्या डॉक्टरांच्या खोलीत ठेवलं. पुढच्या कुप्या कधी येतील हे देवालाही ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात नेकनूरहून सत्यभामा आली. बैलगाडीत भुसकाट अंथरून नवऱ्यानं, शहादेवनं, तिला आणलं. बरोबर सासू रुक्मिणीबाई, आणि तिच्या पदराखाली तान्हं पोर. पहिलंच बाळंतपण. छातीला गळू होऊन फुटलं होतं आणि आता अंगभर ताप चढत होता. सल्फाच्या गोळ्या झाल्या, उतार नाही. ओठ फुटले होते, पण तोंड चालू होतं. त्रिंबकला ती म्हणाली की पोराचं नाक सासूवर गेलंय, म्हणजे आता घरात दोन दोन नाकांचं ऐकावं लागणार. रुक्मिणीबाई म्हणाली, ऐकशील तर खरी, आधी ऊठ. दोघी हसल्या. त्रिंबकही हसला. ताप बघून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

दवाखान्याच्या खास खोलीत मोहनराव देशमुख होते. पाटोद्याकडचे मोठे जमीनदार. घोड्यावरून पडून नडगीला झालेली जखम बरीच वर्षं वाहत होती. हिरवट पू यायचा, त्याला गोडसर वास असायचा. दर पावसाळ्यात ते मुक्कामाला येत. जेवण चांगलं जायचं. काठी टेकत व्हरांड्यात फेऱ्या मारत, दुपारी पत्ते खेळत. अव्वल तालुकदारांची, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरांची, गाडी त्यांच्या समाचाराला येऊन जायची. नवं औषध आल्याचं त्यांच्या कारभाऱ्याला, सुग्रीवला, कुप्या रांजणात पडायच्या आधी कळलं होतं.

त्रिंबकनं दोघांच्या ताटल्या सारवल्या. दोन्हींत सल्फाचा एक कागद, पेनिसिलीनचा एक.

सकाळी पेटी उघडली आणि तो जागेवरच खिळला. सत्यभामेची ताटली सोनेरी झाली होती, दाण्यात आलेल्या शाळूच्या रानासारखी. सल्फाच्या कागदापर्यंत सगळं भरलेलं. पण पेनिसिलीनच्या कागदाभोवती एक लख्ख मोकळं गोल, मळणीसाठी खळं करावं तसं. एवढं मोठं गोल त्यानं कधी पाहिलं नव्हतं. देशमुखांची ताटली हिरवीगार. दोन्ही कागदांना जंतू भिडलेले. या जंतूंना नव्या औषधाची खबरही नव्हती.

यापेक्षा स्वच्छ निवाडा कोणता हवा? कुप्या सत्यभामेच्या. ती वाचणार होती. दोन्ही ताटल्या हातांत घेऊन तो व्हरांड्यात आला. नाचायचा तेवढा बाकी होता.

रुक्मिणीबाई आणि शहादेव उठून उभे राहिले. खास खोलीच्या दाराशी सुग्रीव होता, तोही पुढं आला. त्रिंबकनं झाकणं काढली नाहीत, काचेतूनच दाखवलं. आणि तिघांनी बघितलं. जन्म शेतात गेलेली माणसं. त्यांनी शेत बघतात तसं बघितलं. दुसरं कसं बघायचं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

“ह्यातली आमची कोनती?” रुक्मिणीबाईनं विचारलं.

त्रिंबकनं सोनेरी ताटली पुढं केली. तिनं काचेवर बोट ठेवलं, बरोबर त्या गोलावर.

“आन् हे जळालंय ते?”

“ते नव्या औषधानं, मावशी.” त्याच्या आवाजात अभिमान मावत नव्हता.

तिचा चेहरा बदलला. ती लेकाकडं वळली. शहादेव मान हलवत होता.

“आसं उभं रान जाळतंय हे,” ती म्हणाली, “मंग लेकराचं दूध ठिवंल का? नको. आमाला हे औषध नको.”

सुग्रीवनं हिरव्या ताटलीवर मान वाकवली. त्याला आनंद झाला. मालकाचं हिरवं गच्च आलंय, पार कागदाला भिडलंय, याला म्हणतात औषध मानवणं, असं तो म्हणाला. वर नेकनूरकरांना टोमणाही मारला की तुमच्या रानात खडक लागला बघा.

त्रिंबक त्याच्या उर्दूत सांगू लागला. जरासीम, पीप, खून, असर. एकामागून एक शब्द येत होते आणि व्हरांड्यात पडत होते. रुक्मिणीबाई नको नको म्हणत आत गेली. बडे डॉक्टर आपल्या खोलीच्या दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ताटल्याही पाहिल्या होत्या, आणि त्या वाचायला त्यांना कुणाची गरज नव्हती. सुग्रीवला ते म्हणाले की मालकांना तयार राहायला सांगा.

त्रिंबकला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तो त्यांच्यामागून खोलीत गेला.

“साहेब, हे उलटं झालंय.”

“मला दिसतंय, त्रिंबकराव,” बडे डॉक्टर म्हणाले. ते सुईची पिचकारी उकळायला ठेवत होते. “पण त्या बाईनं नको म्हटलं. मी कुठं म्हटलं? देशमुख मागतायत. उद्या तालुकदारांनी विचारलं की औषध असून दिलं का नाही, तर मी काय तुमची ताटली दाखवू?”

“देशमुखांना याचा काडीचा उपयोग नाही.”

“अपायही नाही,” बडे डॉक्टर म्हणाले, आणि मासिक वाचता वाचता पान उलटावं तशा सहजतेनं त्यांनी रांजणावरचं झाकण काढलं.

त्रिंबक बाहेर आला. तिथंच ओरडायला हवं होतं. त्याला ते येत नव्हतं. आयुष्यभर घड्या घातलेला माणूस. तो पायरीवर बसून राहिला.

समोर अंगणात रुक्मिणीबाई होती. सून ग्लानीत, पोर झोपलेलं, आणि हात रिकामे राहिलेले तिला सोसत नव्हते. दवाखान्याचं अंगण ती निंदत होती. खुरपं नव्हतं, तर बोटांनीच. एकेक मुळी ओढून बाहेर काढायची, माती झटकायची, कडेला टाकायची. त्रिंबक बघत राहिला. मग उठून तिच्याजवळ गेला आणि काय उपटताय म्हणून विचारलं.

हराळी, ती म्हणाली. ठेवली तर भिंतीत शिरंल.

तो धावत कोठीत गेला. सोनेरी ताटली घेऊन आला आणि तिच्याशेजारी मातीत बसला.

“मावशी, हे पीक नाही. हराळी आहे ही. सत्यभामेच्या छातीत हीच माजलीय, आता रक्तात चाललीय. नव्या औषधानं फक्त हिलाच जाळलं.”

रुक्मिणीबाईनं ताटली हातात घेतली. उन्हात धरली. तिला उमजायला पापणी लवायचाही वेळ लागला नाही.

“म्हंजी हे मोकळं पडलं ते ब्येस झालं.”

“हो.”

“आन् देशमुखाची हराळी तशीच हिरवीगार हाय.”

“हो.”

ती त्याच्याकडं बघत राहिली. रागानं नव्हे, नवलानं.

“मंग हे सकाळीच कावून न्हाई सांगितलं रं?”

थांबायला वेळ नव्हता. दोघं उठले, कोठीतून हिरवी ताटलीही घेतली. शहादेव मागून आला. बड्या डॉक्टरांच्या खोलीतला रांजण उघडा होता आणि मडकं जागेवर नव्हतं. ते खास खोलीत होतं, पलंगाशेजारी, वर ओलं फडकं. पहिली सुई टोचून झाली होती. उरलेल्या कुप्या मडक्यात होत्या. अजूनही सत्यभामेला पुरल्या असत्या.

बडे डॉक्टर तिथंच बसले होते. त्रिंबकनं सांगितलं की बाईंचा होकार आहे, कुप्या द्या. बडे डॉक्टर काही बोलायच्या आत रुक्मिणीबाई पुढं झाली. मातीनं भरलेल्या हातांनी तिनं दोन्ही ताटल्या पलंगाच्या कडेला ठेवल्या, आणि देशमुखांना मालक म्हणून हात जोडले. मग सांगितलं. शेतकऱ्यानं शेतकऱ्याला सांगावं तसं सांगितलं. हे तण आहे. माझ्या सुनेचं तण या औषधानं मरतंय, तुमचं मरत नाही. कुंद्याची मुळी खोल, त्यावर विळा घासून काय उपयोग, त्याला नांगर लागतो. तुमचा नांगर दुसरा असंल, हैदराबादेत मिळंल. हा विळा आमाला द्या.

मोहनराव देशमुखांनी ताटल्या नीट बघितल्या. ते काही अडाणी नव्हते. शेकडो एकरांचं तण त्यांनी माणसं लावून काढलं होतं. त्यांना सगळं कळलं, आणि कळल्याचं चेहऱ्यावर दिसलं.

“खरं आहे बाई तुझं,” ते म्हणाले. “पण सुरू केलेलं औषध मधेच सोडू नये म्हणतात. काय डॉक्टर?”

बडे डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते.

“सोडू नये,” ते म्हणाले.

त्या खोलीत अडाणी कुणीच नव्हतं. हे नीट ध्यानात घ्यायला हवं. पुढं या गोष्टीला अडाणीपणाची गोष्ट म्हणून जिल्हाभर फिरवलं गेलं. पण त्या घडीला खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की कुप्या कुणाच्या आहेत. सुग्रीवलाही. तो मडक्याच्या आणि रुक्मिणीबाईच्या मधे येऊन उभा राहिला, आणि त्याला तिच्याकडं बघवेना. त्रिंबकनं मडक्याला हात घातला. सुग्रीवनं त्याचं मनगट धरलं. शहादेव पुढं सरकला, तेव्हा देशमुखांनी फक्त काठी उचलून खाली ठेवली. बाहेर बसलेले त्यांचे दोघे गडी आत आले. झटापट झाली असंही म्हणता येणार नाही. तिघांना दाराबाहेर काढलं, एवढंच.

सत्यभामा पोळ्याच्या आदल्या दिवशी गेली. शेवटी शेवटी तिला माणसं ओळखू येत नव्हती, पण पोर रडलं की हात हलायचा. पोळ्याला नेकनुरात घरोघरच्या बैलांची शिंगं रंगली, झुली चढल्या. शहादेवचे बैल कोरडे राहिले. तिला गाडीतून घरी त्याच बैलांनी आणलं होतं.

कुप्या संपल्या. देशमुखांची जखम होती तशी राहिली, हिरवी. पुढं हैदराबादला त्यांचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. परत आल्यावर येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगू लागले की त्या नव्या औषधात काही दम नाही, आपण सगळं घेऊन पाहिलं. देशमुखांचा शब्द. पाटोद्यापासून धारूरपर्यंत लोकांनी तो उचलला. ज्यांचं गळू त्या औषधानं मावळलं असतं, ती माणसंही म्हणू लागली की नको, देशमुखांना लागू पडलं नाही तर आपल्याला काय पडणार.

त्रिंबक ऐकत होता. कामावर जात होता. ताटल्या सारवत होता. बडे डॉक्टर त्याच्याशी पूर्वीसारखेच मऊ बोलत. त्याला मान खाली घालायची जुनी सवय होती. कदाचित हेही त्यानं घडी घालून ठेवलं असतं.

हिवाळ्यात दवाखान्याच्या नव्या खोल्यांचा समारंभ झाला. खोल्या देशमुखांच्या देणगीतून. मांडव पडला. खुर्च्यांवर वकील, अंमलदार, पेठेतले सावकार. मधोमध तालुकदार, शेजारी देशमुख, कुबड्या खुर्चीला टेकवलेल्या. कडेला रोगी आणि त्यांची माणसं, चटयांवर. रुक्मिणीबाई नातवाला देवी टोचायला घेऊन आली होती. शेळीच्या दुधावर ते पोर जगलं होतं. नाक खरंच तिच्यावर गेलं होतं.

बडे डॉक्टर बोलायला उठले. छान बोलत ते. म्हणाले, आपल्या मुलखात खरा रोग अज्ञानाचा आहे. उदाहरण दिलं. जगातलं उत्तम औषध आमच्या हातात होतं, एक तरुण जीव वाचला असता. पण घरच्यांनी नको म्हटलं. का, तर औषधानं दूध जळेल. आम्ही काय करणार? खुर्च्यांवरून हळहळ उठली. कुणीतरी चुकचुकलं. एक वकीलसाहेब थोडे हसलेही.

चटईवर रुक्मिणीबाई उभी राहिली. पोर कडेवर होतं. आवाज चढवला नाही तिनं.

“न्हाई म्हनलं आमी. खरं हाय,” ती म्हणाली. “कळल्यावर हो बी म्हनलं. ते कोन सांगनार?”

एका अंमलदारानं बाईला बसवा म्हणून खूण केली. बडे डॉक्टर मऊ हसले आणि दुःखानं माणसाचं डोकं चालत नाही अशा अर्थाचं काहीतरी बोलू लागले.

“मी सांगतो,” मागून आवाज आला.

त्रिंबक उठला होता. त्याचे कान लाल झाले होते. धारूरच्या माणसांनी तेव्हा त्याला पाहिलं असतं तर ओळखलं नसतं. तो खुर्च्यांच्या रांगेतून पुढं आला, आणि आला तसा बोलत आला. बस म्हटलं तरी बसला नाही. हिरवी ताटली कुणाची, सोनेरी कुणाची, कुणाला काय दिसलं, होकार कुठल्या खोलीत दिला, तेव्हा मडक्यात काय शिल्लक होतं, आणि त्या खोलीत कोण कोण बसलं होतं. नावं घेऊन सांगितलं. तालुकदारांकडं बघून सांगितलं, देशमुखांकडं बघून सांगितलं. जरासीम हा शब्द त्याच्या तोंडात एकदाही आला नाही. तो हराळी म्हणत होता, आणि चटयांवरच्या माणसांना, निंदणी खुरपणीत हात मुरलेल्या सगळ्यांना, सगळं कळत होतं.

त्याच संध्याकाळी त्याला कोठी रिकामी करायला सांगितलं. बाकी कुणाचं काही वाकडं झालं नाही. नव्या खोल्यांवर देशमुखांचं नाव लागलं. शहादेवनं बैलगाडी आणली. पेटी, कंदील आणि ताटल्या भुसकाटात गुंडाळून त्यांनी नेकनूरला नेल्या.

तिथं आता त्रिंबकचा दवाखाना आहे. ताटली तो अजून दाखवतो. हातात देण्याआधी सांगतो, हे तण आहे. बाजारच्या दिवशी ओट्यावर कधीकधी रुक्मिणीबाई बसलेली असते. डॉक्टर एखाद्यावर फारच ओरडू लागला की गावातली माणसं तिच्याकडं बघतात, याला जरा आवर म्हणून.

ती आवरत नाही.